दोरीच्या आतलं शेवाळ

ओतिलियाबाईंच्या दोरीच्या आत कधी कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. एकाचं अर्धं पडलं होतं, विटेकचं. तेव्हा तो पोरगेला विद्यार्थी होता. त्या अर्ध्या पावलासाठी बाईंनी त्याला परतीच्या बसमध्ये चढूच दिलं नाही. चिखलाने भरलेल्या गमबुटांनिशी गडी पुढच्या गावापर्यंत पायी गेला. आता तोच विटेक वनस्पतिशास्त्र विभागाचा प्रमुख आहे. दर डिसेंबरात, बाईंच्या नामदिनाला, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या दिवशी, खसखशीच्या केकचा तुकडा हातात धरून तो हा किस्सा सांगतो, आणि दर वर्षी ते गाव आणखी थोडं लांब सरकतं.

पोलंडच्या पूर्व टोकाला, बुग नदीच्या अलीकडे, एक दलदल आहे. तिच्यात फळकुटांची एक वाट जाते आणि वाटेच्या शेवटी चार खुंटांना बांधलेली दोरी. दोरीच्या आत नुसतं शेवाळ. बाईंनी ती दोरी आपल्या गुरुजींबरोबर बांधली, तेव्हा त्यांच्या वेण्या होत्या. गुरुजी गेले, वेण्या गेल्या, खुंट दोनदा बदलले. बाई फळीवर उकिडव्या बसून बघायच्या, पाण्याची पातळी टिपायच्या, फोटो काढायच्या. ते शेवाळ वर्षाला वाढणार नखाएवढं, तेसुद्धा त्याच्या मनात आलं तर! पण न तुडवलेली दलदल कशी जगते हे जगाला सांगायचं, तर कुणीतरी कुठेतरी एक तुकडा न तुडवता ठेवायला नको? लग्नाचं कुणी काढलं की बाई म्हणायच्या, "अहो, सुट्टी कुठे होती मला?" हसायच्या, आणि विषय संपायचा.

मग विद्यापीठात उद्दिष्टं आली. जानेवारीत प्रमुखासमोर बसायचं, वर्षभरात काय करणार ते ठरवायचं; डिसेंबरात समिती मोजणार. लागोपाठ दोनदा नापास, की घरी. कारखान्यात खिळे मोजतात ना, तसंच. आता प्राध्यापक म्हणजे काय भोळी जमात आहे होय! पहिल्याच वर्षी सगळ्यांनी युक्ती काढली. जो लेख लिहून, तपासून, स्वीकारूनसुद्धा झालाय, तोच "येत्या वर्षी लिहीन" म्हणून ठोकून द्यायचा. डिसेंबरात सगळे शंभर टक्के पास. समितीलाही ठाऊक, प्रमुखालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या ओतिलियाबाईंना. त्यांनी खरं लिहिलं, "दोरीच्या आत पाय न ठेवता निरीक्षण चालू ठेवीन."

समितीने शेरा मारला: मोजता येत नाही. शून्य.

"बाई, तुम्ही म्हणजे अगदीच ह्या आहात हो!" शेजारच्या टेबलावरची किंगा कपाळाला हात लावून म्हणाली. किंगा रसायनशास्त्राची, जिभेला हाड नाही, पण मनाने चांगली. "वाढून झालेलं ताट दाखवायचं आणि स्वयंपाक करणार म्हणायचं. एवढं साधं कळू नये?"

"पण हे खोटं झालं ना, किंगा."

"खोटं कसलं डोंबलाचं! आणखी एक शून्य मिळालं की तुम्हाला नारळ. मग तुमच्या त्या शेवाळाकडे कोण बघणार, मी?"

ते मात्र बाईंच्या काळजात रुतलं. खरंच, कोण बघणार? आपण घरी बसलो तर खुंट कुजतील, दोरी पडेल, एखादा क्रॅनबेरी वेचणारा आतून आरामात चालत जाईल. दुसऱ्या जानेवारीत त्यांनी मुकाट्याने लिहिलं, "मोठ्या नियतकालिकात एक लेख." विटेकने सही केली आणि मान वर न करता म्हणाला, "बरं झालं, डॉक्टरबाई. मला तुम्हाला घालवायचं नाहीये हो."

बाईंनी जन्मभराची टिपणं उपसून लेख लिहिला. इतकं सुंदर त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. पण नियतकालिकाच्या परीक्षकाशी घोडं अडलं. त्याचं म्हणणं, वरून बघून काय होतं? चौकटीच्या मधोमध पोखरून खालचा थर काढा, त्याचं वय तपासा, तर लेख घेऊ. वर्षअखेरीच्या आत हवं असेल तर उशीर करू नका.

बाईंना कितीतरी दिवस काही ठरवता येईना. नाही म्हणावं, तर आपण जाणार, आणि आपल्यामागे चौकटही जाणार. हो म्हणावं, तर... त्यापुढचं त्या मनातसुद्धा पुरं करत नसत.

शरदात, क्रौंच पक्षी निघून गेल्यावर, त्या एकट्याच बसने गेल्या. पोखरणीची नळी खांद्यावर होती. दोरीपाशी उभ्या राहिल्या. खाली वाकून त्यांनी दोरी वर उचलली आणि वय झालेल्या बाईने स्वतःच्याच घरात चोरी करायला शिरावं तशा आत शिरल्या. पहिल्या पावलाला शेवाळ दबलं, पाणी वर आलं, पाऊल उठून दिसायला लागलं. मधोमध पोचेपर्यंत मागे खड्ड्यांची रांग झाली होती. नळी जागची हलेना, तेव्हा त्यांना गुडघ्यांवर बसून अंगाचा सगळा भार टाकावा लागला. त्या मोठ्याने रडत होत्या. ऐकायला तिथे होतं कोण! थर निघाला, कापडात गुंडाळला. मागे जे तुडवलं गेलं ते त्यांच्या हयातीत उठून उभं राहणार नव्हतं, हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

लेख छापून आला. वेळेत.

डिसेंबरात नामदिन आला. तिकडे नामदिनाला आमंत्रण द्यायचं नसतं. केक करून ठेवायचा, आठवेल तो येतो. पहिला विटेक आला, तोही पळतच.

"डॉक्टरबाई, पास! शंभर टक्के! समितीने टेबल वाजवलं हो तुमच्या नावाला!" त्याने बाईंचा हात ओठांना लावला, केकचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि मांडी ठोकून बसला. "आणि आता खरी भेट. वसंतापासून भांडतोय मी त्या लोकांशी. पक्कं होईपर्यंत म्हटलं तोंड उघडायचं नाही. पुढच्या वर्षीपासून तुमची दोरी हेच तुमचं उद्दिष्ट! लेख नको, गुण नकोत. आत पाय न ठेवता बघत राहायचं, बस्स. तुमच्या नंतरही विभाग बघणार. सही-शिक्का झालाय."

बाईंच्या हातातली किटली टेबलावर जरा जोरात टेकली.

"वसंतापासून?"

"हो ना! आता तरी हसा की. आणि मला त्या अर्ध्या पावलाची माफी द्या, किती वर्षं झाली..."

"विटेक, तू माझा लेख वाचलास?"

तो ओशाळला. "खरं सांगू? वाचायला कुठे सवड असते हो. नियतकालिकाचं नाव बघायचं, गुण बघायचे, पुढे. समितीतही कुणी वाचत नाही."

बाईंनी अंक त्याच्यासमोर उघडून ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. थराचा नमुना कुठून घेतला, ते तिथे सरळ लिहिलेलं होतं.

विटेकने वाचलं. पुन्हा वाचलं. हातातला केक त्याने बशीत परत ठेवला.

"किती आत गेलात?" त्याने हळूच विचारलं.

"मधोमध." बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "बस आली होती रे परतीची. ड्रायव्हरने दारही उघडलं माझ्यासाठी. मी नाही चढले. पुढच्या गावापर्यंत चालत गेले."