वऱ्हाडाचा ट्रक आणि खण्ण-फट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मला या प्रकाराचं अजून हसू येत नाही. संताप येतो. आणि तो नक्की कोणावर काढावा, तेही कळत नाही.

माझा ट्रक लष्कराच्या लिलावातला. लढाई संपली, कल्याण कॅम्पातले सोल्जर गेले, तेव्हा मागे उरलेल्या लोखंडात हा मिळाला. बदलापूरला विटा भरायच्या आणि अंबरनाथवरून उल्हासनगरला, म्हणजे त्याच कॅम्पात, नेऊन टाकायच्या, हा माझा धंदा. कॅम्पातल्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहत होती आणि जो तो भिंती घालत होता. त्यांच्यातलाच लखूमल मिस्त्री. कराचीला मोटारी दुरुस्त करायचा, इथे एका बराकीच्या पडवीत दुकान मांडून बसला होता. माझ्या ट्रकला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला मला खपत नसे.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगी मुरबाडकडची. मी सासऱ्यांना ऐटीत निरोप धाडला होता, "वऱ्हाड ट्रकमधून येईल, बैलगाड्या पाठवू नका." आता मला सांगा, एवढं बोलून बसल्यावर ट्रकने दगा देऊन चालेल का?

दिला. क्लच सोडला की खालून 'ठक्'. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब शाफ्ट असतो ना, त्याचा सांधा झिजला होता. लखूमलने नवा बसवला आणि ट्रक एकदम गप्प झाला. इथवर सगळं ठीक होतं.

पण घरी आई होती. म्हणाली, "लग्न ठरलंय, गाडी चांगली चाललीय, लोकांच्या डोळ्यांवर येतं ते. घोड्याची नाल बांध तिला."

आता पंचाईत बघा. मी नाक्यावर सगळ्या ड्रायव्हरांना ठणकावून सांगितलेलं, की दृष्टबिष्ट सगळं झूट आहे. मग नाल बंपरला कशी बांधू? मी ती ट्रकच्या पोटाखाली, चेसिसच्या आतल्या बाजूला तारेने टांगली. आई खूश आणि माझी अब्रूही शाबूत.

दुसऱ्या दिवशी विटा उतरवून रिकामा निघालो, तर खालून 'खण्ण... खण्ण'.

माझं टाळकंच फिरलं. तसाच ट्रक वळवून लखूमलच्या दारात उभा केला.

"लखूमल, हा सांधा बसवलास की खुळखुळा?"

"साईं, नया डाला है. चल, चला के दिखा."

तो शेजारी बसला. अंबरनाथच्या वाटेवरच्या चढाला लागलो, तर ट्रक चिडीचूप. लखूमल माझ्याकडे बघतोय, मी रस्त्याकडे. उतार लागला आणि लगेच 'खण्ण'.

"आता ऐकलंस?" मी म्हटलं. "चढाला गप्प आणि उताराला बोंब. म्हणजे मागच्या ॲक्सलच्या आतले दात गेले. जोर असला की घट्ट बसतात, सैल सोडले की वाजतात."

"दाँत को कुछ नहीं हुआ है."

"मिस्त्री तू की मी?"

"वही तो मैं पूछ रहा हूँ," तो म्हणाला. पण बिचाऱ्याने ॲक्सल उघडला, एकेक दात रॉकेलने धुऊन मला दाखवला. सगळे शाबूत होते. मी म्हटलं, याला दिसत नाही.

घरी आलो तर आई म्हणे, "बघ, लागलीच दृष्ट. एका नालेने नाही भागायचं." मग आणखी एक नाल, आणि वर माझी फाटकी वहाण. सगळं त्याच जागी, त्याच तारेला.

दुसऱ्या दिवशी 'खण्ण-खण्ण-फट'.

हे 'फट' नवीन होतं. बेअरिंग गेलं, मी लगेच ओळखलं. कान तयार आहे हो माझा. लखूमलने ॲक्सल उघडला आणि त्यात बेअरिंगची वाट लावली, असं मी नाक्यावर ज्याला त्याला सांगत सुटलो. दोघा ड्रायव्हरांनी तर आपले ट्रक त्याच्याकडून काढून घेतले. मला वाईट वाटलं असेल म्हणता? छे, बरंच वाटलं. माझं वऱ्हाड अडलं होतं.

लग्नाची लुगडी घ्यायला आईला कॅम्पात न्यायचं होतं. म्हटलं, याचाही आजच निकाल लावू. नाक्यावरचे ड्रायव्हर गोळा केले आणि सगळी वरात लखूमलच्या पडवीत नेली.

"याचं काम बघा सगळ्यांनी," मी ओरडलो.

लखूमल शांतपणे म्हणाला, "तू ही नीचे जा. दिखा सबको, कहाँ खराब है."

गेलो. उताणा पडून ट्रकखाली सरकलो आणि बोट रोखलं. चारी बाजूंनी ड्रायव्हर वाकले. आईसुद्धा पदर सावरत वाकली आणि कौतुकाने म्हणाली, "अरे वसंता, तू बांधलेल्या नाला दाखव की त्यांना. त्यांच्यामुळेच तर गाडी अजून तग धरून आहे."

लखूमल माझ्याशेजारी आडवा झाला. शाफ्टवर चकचकीत ओरखडे पडले होते. त्याने एक नाल बोटाने ढकलली, 'खण्ण'. दुसरी ढकलली, 'खण्ण'. मग वहाण. 'फट'.

"ये तेरा बेअरिंग," तो म्हणाला.

चढाला तार मागे झुलायची आणि शाफ्टपासून सुटायची, उताराला पुढे येऊन त्याच्यावर आपटायची, एवढंच ते गूढ होतं.

वऱ्हाड ट्रकमधूनच गेलं, एक आवाज न करता. लखूमलला बोलावणं भागच होतं. पंगतीत सासऱ्यांनी त्याला विचारलं, "मध्यंतरी ट्रकला काही झालं होतं म्हणे?"

तो जिलबी खात म्हणाला, "ट्रक को? उसको वसंता हुआ था."

तेव्हापासून कॅम्पात कुठलीही गाडी उगाच वाजली की तिला वसंताच होतो. ते एक वेळ मी सोसलं. पण माझी बायको? लग्नात नाव घे, नाव घे म्हणून बायकांनी जीव खाल्ला, तर हिने मान वर केली नाही. आजही 'अहो'च्या पुढे जात नाही. आणि स्टोव्ह फुरफुरला की शेजारणीला खुशाल सांगते, "काही नाही हो, वसंता झालाय."