दिव्यासमोर थांबलेली पाटी

दाऊदचाचांनी त्या संध्याकाळी हँडल थांबवलं नसतं, तर मी कर्जतच्या चौकीत गेलो असतो. म्हणून आधी त्यांचं नाव. चाचा आमच्या तंबू सिनेमाचे ऑपरेटर, म्हणजे मशीनचं हँडल हातानं फिरवून चित्र चालवणारे. मी पाट्या वाचणारा. मुक्या चित्रात मधूनमधून अक्षरं येतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती मोठ्यानं म्हणायची. शिक्षण मराठी तिसरी, गाव वऱ्हाडात, इकडे ओळखीचं कुणी नाही.

खेळ इकडच्याच एका जुन्या बंडवाल्याचा होता. चित्रात तो सावकाराची कोठारं फोडून धान्य वाटतो, अगदी देवासारखा. पाट्यांत मात्र दरोडेखोर. मुंबईत परवानगी मिळावी म्हणून चित्र काढणाऱ्या कंपनीनं केलेली ती सोय.

फौजदार पुढच्या खुर्चीवर होते. तंबूच्या मालकांनी, शेठनी, मला बजावलं होतं, "पाटीवर आहे तेवढंच बोल. लायसन गेलं तर सगळे रस्त्यावर."

पडद्यावर कोठार फुटलं. मी वाचलं, "दरोडेखोरानं गाव लुटलं."

जमिनीवर कशेळ्याकडच्या वाड्यांतली ठाकर मंडळी बसली होती. त्यांतली एक म्हातारी उठलीच. "कुनाला चोर म्हनतोस रं? माज्या आज्याच्या घरात त्यानं भात टाकलाय!"

"आणि आमची कुलपं तोडली ती?" मागून एक दुकानदार ओरडला.

"बरी तोडली!"

तंबू हसला. म्हातारी काही बसेना. तेवढ्यात पुढची पाटी आली, 'दरोडेखोर पळाला'. माझ्या तोंडून निघालं, "गरिबांचा वाली निघाला!"

टाळ्या, शिट्ट्या.

फौजदार तेव्हा मागे वळून दुकानदाराला गप्प करत होते. त्यांनी ऐकलं, पण वाचलं नव्हतं. त्यांनी खेळ थांबवला. "असं लिहिलंय? कुणी वाचलं?" मग ते चाचांकडे वळले. "पाटी परत दाखवा. नसेल तर हा आत."

चाचांनी फिल्म मागे घेतली, पुन्हा हँडल फिरवलं. फिल्म पळती असते तोवर ठीक; दिव्यासमोर उभी राहिली की पेटते. पाटी काळोखातून हळूहळू उजळायची. अक्षरं अजून धूसर होती, तोच हँडल थांबलं. पडद्याच्या मधोमध डाग पडला, पसरला, आणि पाटी गेली. चाचांनी जळती फिल्म बोटांनीच तोडून विझवली.

"जुनी फिल्म, साहेब."

फौजदार खुर्चीत पुढं वळून बसले. "चालवा पुढं."

शेठनी चाचांना सगळ्यांदेखत झापलं. इतक्या वर्षांत चाचांनी वीतभर फिल्म जाळली नव्हती. ते बोटांना खोबरेल लावत मला एवढंच म्हणाले, "वाचायला ठेवलंय ना बेटा? मग वाच."

पुढं खालापूरच्या मुक्कामी ती पाटी नव्हतीच. मी गप्प राहिलो. लोकांनी ज्याला जे वाटलं ते ओरडून घेतलं. वाचणाऱ्यानं पाटीच वाचावी. बाकीचं लोकांना पाठ असतं.

मी आता हँडल शिकतोय. चाचांनी आजवर प्रत्येक खेळ मशीनपुढच्या वीतभर भोकातून पाहिला. एक दिवस त्यांना पहिल्या रांगेत बसवीन आणि अख्खा खेळ मी चालवीन.