आतून गुळगुळीत

“टेबलाचा खण बाहेरून नाही बघायचा, आत हात घालून बघायचा,” असं मिस्त्री एकदा गिऱ्हाइकाला म्हणाले होते. जन्मभर त्यांनी कारखान्यात खणच केले. टेबलं दुसरे जोडायचे.

कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी बायको न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ते सांधलंच नाही. खाट खिडकीशी होती. खिडकीतून समोरची भिंत आणि पाण्याचे पाइप दिसायचे. हळूहळू ती बोलेनाशी झाली. ताट आलं की मान फिरवायची.

मिस्त्रींनी फळवाल्यानं फेकलेल्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, वाकडे खिळे ठोकून सरळ केले आणि पाखरांसाठी घर करायला घेतलं. मांजराचा पंजा पोचू नये म्हणून हातभर खोल, भोक पार वर. जोडण्याआधी फळ्यांची आतली बाजू काचकागदानं घासत बसले.

“मिस्त्री, भाड्यानं देणार का?” वरच्या मजल्यावरची शेजारीण दारातून म्हणाली. “आमचे जावईबापू जागा शोधतायत.”

“तुमच्या जावयाचं पोट त्या भोकातून जाईल का, वहिनी?”

उत्तर खाटेवरून आलं होतं. मिस्त्रींचा हात फळीवर थांबला.

खिडकीबाहेर घर टांगलं, चिमण्या आल्या, पिल्लं झाली. घराच्या आतलं तिला दिसत नव्हतं, पण सगळं ऐकू यायचं. “अहो, धाकट्याला आज कमी मिळालं,” असं सांगत ती दोन घास जास्त खाऊ लागली.

मग एका सकाळी चिमण्या चोचीत अळ्या घेऊन पाइपावरच बसल्या. आत जाईनात, नुसत्या ओरडत होत्या.

“बाहेर बोलावतायत,” ती म्हणाली. “आता उडतील.”

आतून फडफड यायची, काहीतरी घसरल्यासारखं व्हायचं, पुन्हा फडफड.

“उघडून बघू का?”

“हात लावू नका! माणसाचा वास लागला की आई टाकून देते.”

मिस्त्रींनी हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर चिमण्या यायच्या थांबल्या.

दुपारी तिचा डोळा लागल्यावर त्यांनी छपराची फळी उचकटली. पंख फुटलेली पिल्लं तळाशी एकमेकांवर मरून पडली होती. भिंतींवर वीतभर उंचीपर्यंत नखांच्या बारीक रेघा होत्या, त्यापुढे काही नव्हतं. फळी खोक्याची होती तशी खरखरीत ठेवली असती, तर पिल्लं चढून आली असती. मिस्त्रींनी अंगठा फिरवला. कुठे कुसळसुद्धा नव्हतं.

“गेली वाटतं,” मागून तिचा आवाज आला. “मला उठवायचं नाही का हो? कशी गेली? एकेक, की सगळी मिळून?”

मिस्त्रींनी छप्पर बसवलं आणि घर खिळ्यावरून उतरवलं.

“ते कशाला काढताय? राहू दे की. आणि अजून एक करा, अगदी असंच.”

त्यांनी घर काखेत धरलं, चपलांत पाय सरकवले आणि बाहेर पडले.