डाव्या कानातली गिटार

डॉक्टरांनी माझ्या डाव्या कानाला ऐकू येणं कमी झालंय असं जे सांगितलं, ते मी मानलंच नव्हतं. बंद खोलीत बसवून टूं-टूं ऐकवायचं आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं, ही काय परीक्षा झाली? माझा कान मीच तपासणार होतो. त्यासाठी मला एकच अल्बम हवा होता. होस्टेलवर असताना तो थ्रॅश मेटलचा अल्बम कॉपी केलेल्या कॅसेटवर मी इतका घासला होता, की कोणती गिटार कोणत्या कानात वाजते हे झोपेतही सांगितलं असतं. तिसऱ्या गाण्यातला गिटारचा सोलो डाव्या कानात. तो नीट ऐकू आला की डॉक्टर खोटे.

म्हणून त्याची नव्याने काढलेली तबकडी मागवली. ही एक वेगळीच डोकेदुखी. जो अल्बम एका कॅसेटमध्ये सुखाने मावत होता, तो यांनी आवाज खुलावा म्हणून दोन तबकड्यांवर पसरवलाय. दर दोन गाण्यांनी उठा आणि बाजू पालटा. विशीत ही गाणी ऐकताना डोकं हलवून मान दुखायची, आता उठाबशा काढून गुडघे दुखणार.

रविवारी सकाळी जांबे गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड प्लेअर जोडला, तिसऱ्या गाण्याची बाजू वर करून तबकडी चढवली आणि हेडफोन आणायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर गावाकडून, मालेहून, राहायला आलेली माझी आई तबकडीवर ओल्या कुंकवाची बोटं ओढत होती. शेजारी हळद, वर अक्षता.

"आई! काय केलंस हे?"

"नवी वस्तू हाय. ट्रॅक्टरला लावलं, मिक्सरला लावलं, ह्याला नको व्हय?"

"मग खालच्या लाकडाला लावायचं! तबकडीला कशाला?"

"वाजतं कोण? लाकूड का ती?"

कपाळाला हात लावला, पण तेवढ्यावर थांबलो नाही. तिला नको नको ते बोललो. ती पदराने पुसायला लागली, तर तबकडी तिच्या हातातून हिसकावून घेतली.

मऊ फडक्याने जमेल तेवढं पुसलं आणि वाजवली. उजव्या कानात गिटारीची करवत खणखणीत सुरू झाली. सोलोची जागा आली. डाव्या कानात काही नाही. लांब कुठेतरी माशी घोंघावावी, इतकंच.

माझ्या संतापाला पारावार उरला नाही. खरं तर मला बरंच वाटलं, कारण दोष द्यायला कुंकू होतं. मी आईला समोर बसवून समजावलं, की तबकडीच्या खाचेला दोन भिंती असतात. एकीत एका कानाचा आवाज, दुसरीत दुसऱ्याचा. तुझ्या कुंकवाने माझी डावी भिंत बुजली.

तिने सगळं ऐकून घेतलं. माझ्याशी वाद घालणारी बाई, पण आता मांडीवरच्या लाल बोटांकडे बघत राहिली. "माझ्या हातनं इस्कोट झाला. लई हौसंनं आणली हुतीस," म्हणाली.

मला तेवढ्यानेही पुरलं नाही. किती नुकसान झालंय ते तिलाच ऐकवू म्हणून सुई पुन्हा मागे ठेवली. हेडफोन तिच्या कानाला लावण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे बघायला घाईत स्वतःच्या डोक्यावर चढवले. ते उलटे बसले, डाव्या कानाचं उजव्याला.

सोलो आला. उजव्या कानात. एकेक सूर स्वच्छ, अगदी होस्टेलच्या खोलीतला. आणि मघाची खणखणीत करवत डावीकडे गेली होती, तिचा पत्ता नव्हता. मी हेडफोन सुलटे केले, परत उलटे केले. मग काढून ठेवले. मला भीती वाटली.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "पार बिघाडली का रं?"

"न्हाई, आई," मी म्हणालो. "तबकडीला काय बी झालं न्हाई."