घंटा वर चढली

दुपारची घंटा वर चढली आहे, हे साऱ्या शारहालोम गावात एकट्या बोरी नेनीच्या लक्षात आलं.

ऑक्टोबर होता. तिला नेनी, म्हणजे मावशी, म्हणणारी शाळेतली मुलं जेवायला गेली होती आणि ती फळा पुसत होती. बारा वाजले, चर्चच्या मनोऱ्यातली मोठी घंटा वाजू लागली आणि बोरी नेनीच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं. जन्मापासून रोज ऐकलेला स्वर तो. आज तो अर्ध्या स्वराने वर लागत होता. तिने खिडकी उघडून ऐकलं. तेच.

सकाळी शाळेच्या शेगड्या पेटवणारा आणि दुपारी चर्चची दोरी ओढणारा माणूस एकच, देमे बाची, साऱ्या गावाचा देमेकाका. तो खाली उतरून अंगणात आला तशी तिने त्याला गाठलं.

“बाची, घंटा बदलली का हो?”

“घंटा?” देमे बाचीने टोपी मागे सारली. “अगं पोरी, गावाला मनोऱ्याची पायरी बदलून होईना, घंटा कोण बदलतोय! का गं?”

“काही नाही. वर लागल्यासारखी वाटली.”

“मी ओढतो खाली, वर कशी जाईल?” असं म्हणून तो आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला. बोरी नेनीही हसली. पण घंटा वर लागल्याचं हे वाक्य तिने पूर्वी ऐकलं होतं. तिची आई बटाटे सोलता सोलता सुरी खाली ठेवून म्हणाली होती, “बोरी, घंटा वर चढली गं.” त्यानंतर थोड्याच वर्षांत आई शेगडीजवळ हात मांडीवर ठेवून बसू लागली, आणि न विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागली. गावातल्या म्हाताऱ्या म्हणत, घंटा ज्याला वर ऐकू येते, त्याचा कान ती हळूहळू घेऊन जाते.

बोरी नेनीचा कान हीच तिची सारी मिळकत होती. लग्न झालं नाही, घर भावाच्या नावावर. शारहालोमच्या प्राथमिक शाळेत मात्र तिचा गाण्याचा वर्ग होता. बाकीच्या वर्गांचा दिवस हिशेबाने सुरू होई, तिच्या मुलांचा गाण्याने. वर्गातला पियानो बंदच. गळा आणि हात. कमरेपाशी मूठ म्हणजे ‘दो’, आणि तिथून हात एकेक पायरी चढत डोक्यापर्यंत जाई. त्यांचा दो आपल्या सासारखाच, कुठेही धरावा. पण कुठे धरायचा हे नेनी ठरवी, आणि ती ते नादकाटा, म्हणजे एकच पक्का सूर देणारा पोलादी चिमटा, न वाजवता थेट गळ्यातून काढून देई. बुडापेस्टहून शिकाऊ मास्तरणी हे बघायला येत आणि खिशातल्या काट्यावर चोरून ताडून पाहत. एकदाही फरक निघाला नव्हता. नेनी ते न पाहिल्यासारखं करी, पण त्या रात्री तिला छान झोप लागे.

मुलांचा लाडका खेळ होता चोचीचा. गाणं चालू असताना नेनी बोटांची चोच करून ती मिटी. चोच मिटली की आवाज बंद, पण गाणं बंद नाही. ते प्रत्येकाने आतल्या आत म्हणत राहायचं. चोच उघडली की सगळ्यांनी एकदम, बरोबर त्याच शब्दावर बाहेर यायचं. सातआठ वर्षांची पोरं ते असं करत की पाहुण्यांच्या अंगावर काटा येई.

त्या हिवाळ्यात मुलांचे खालचे स्वर नाहीसे होऊ लागले. गाणं उतरत तळाला आलं की तोंडं उघडी दिसत, आवाज मात्र नाही. विहिरीत बादली सोडावी आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. नेनी रागावली. “नाश्त्याला काय खाल्लंत? गळ्यात खसखस अडकली का?”

मुलं हसली. एमेशे हसली नाही. मधमाश्या पाळणाऱ्या व्हर्गाची ही मुलगी, दोन वेण्या आणि सरळ नजर. तिने हात वर केला.

“नेनी, आपण हल्ली खाली सुरू करतो. तिथून तळाला पोचता येत नाही.”

“कोण म्हणतं?”

“कुणीच नाही. मला ऐकू येतं.”

वर्ग सुटल्यावर नेनीने दार लावून घेतलं. नादकाटा टेबलाच्या खणात, तळाशी, मखमलीत गुंडाळलेला होता. तिने तो गुडघ्यावर मारून कानाशी धरला. वर. मग पियानोची पट्टी दाबली. वर. मनोरा, काटा, पियानो, सगळे एका बाजूला होते आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला. तिने पियानोचं झाकण लावलं. शेगडीतला कोळसा फुटला तेव्हा दचकली, आणि तो आवाजही आपल्याला वरच लागला का, याचा विचार करू लागली.

जानेवारीत हेडमास्तर गेलेरींनी तिला खोलीत बोलावलं.

“मे महिन्यात जिल्ह्याची समिती येतेय, कॉम्रेड बोरी. मुलांचं गाणं ऐकणार. पसंत पडलं तर वर्ग राहील. नाहीतर पुढच्या सालापासून तिथे जिम्नॅस्टिक्स.” ते जरा ओशाळले. “तुम्हाला कसली काळजी म्हणा! तुमचा कान आहे.”

“हो ना,” ती म्हणाली. “माझा कान आहे.”

काटा वाजवून सुरुवात करता आली असती. पण बोरी नेनीने काटा काढला की गेलेरी भुवई उंचावणार, शिकाऊ मास्तरणींत कुजबुज होणार, आणि मेपर्यंत गावाला कळणार. तिने दुसरा मार्ग काढला. गाण्याचा तास दुपारवर नेला. खिडक्या उघडायच्या, बाराची घंटा वाजू द्यायची, तिचा स्वर गुणगुणून मुलांना द्यायचा आणि गाणं तिथून उचलायचं. मुलांना वाटलं, नवा खेळ. आठवड्याभरात तळाचे स्वर परत आले. घंटेचा पहिला टोल पडला की आता नेनीच्या आधीच मुलांच्या गळ्यात दो लागे.

“चर्चच्या घंटेवर सूर?” गेलेरी दारात येऊन कुजबुजले. “समितीला मी काय सांगू?”

“सांगा, घंटा काशाची आहे. काशाला पक्ष नसतो.”

गेलेरी हसत गेले. नेनी मात्र रोज एक गोष्ट घोटवत होती: वर लागेल, तरी विश्वास ठेव. स्वर चुकीचा वाटेल, तो बरोबर आहे. तू चूक आहेस. मन त्याला हळूहळू सरावलं. घंटा आता अर्ध्या स्वराहून जास्त वर लागत होती, तरी ती निमूटपणे मानू लागली.

समिती आली त्या दिवशी उकडत होतं. दोन पुरुष आणि एक जाड चष्म्याची बाई मागच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मुलं पांढऱ्या सदऱ्यांत उभी होती. बारा वाजायला थोडा वेळ होता. नेनीने खिडक्या उघडल्या. खिडकीबाहेर काहीच हलत नव्हतं. मग घंटा वाजली.

उंच लागली. फार उंच. नेनीने मनाला बजावलं, वर लागेल, तरी विश्वास ठेव. तिने तो स्वर उचलला आणि मुलांना दिला.

एमेशेचे डोळे मोठे झाले. ती मान हलवू लागली, अगदी थोडी, नाही नाही म्हणावं तशी. पण नेनीचा हात कमरेपासून निघाला होता, आणि मुलं हातामागे जाणारच. गाणं सुरू झाल्यावर नेनीला बाहेरचे टोल नीट ऐकू आले. एक, मग थांबणं. एक, मग थांबणं. ती दुपारची घंटा नव्हतीच. गावात कुणी गेलं की वाजते ती लहान घंटा होती. शारहालोममधलं पाळण्यातलं मूलही ती ओळखतं, आणि गेल्या सालपर्यंत बोरी नेनी तर पहिल्या टोलालाच ओळखत होती.

गाणं चढत होतं. पुढच्या ओळीत शेवटची उंच पायरी होती आणि एवढ्या वरून निघालेली मुलं तिथे पोचणं शक्य नव्हतं. पुढच्या रांगेतल्या मुलांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. एक आवाज चिरकला. चष्म्याच्या बाईने डोकं वर केलं.

नेनीने चोच मिटली.

खोली एकदम गप्प झाली. बत्तीस तोंडं बंद, आणि आत गाणं चाललेलं. नेनीला पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. चोच उघडली की सगळं संपणार होतं.  गेलेरींनी घड्याळाकडे पाहिलं.

आणि बाराची मोठी घंटा वाजली.

तिच्या बोटांनी आपणहून चोच उघडली. मुलं बाहेर आली, बरोबर त्याच शब्दावर, पण रोजच्या सवयीने मोठ्या घंटेच्या सुरात. एकूण एक. उंच पायरी सहज चढली, मग उतरत तळाच्या स्वरापर्यंत गेली आणि तो स्वर घंटेखाली गादीसारखा पसरून राहिला.

“हे कसं बसवलंत तुम्ही?” चष्म्याची बाई उठून उभी राहिली होती. “एका सुरातून मौनात, आणि मौनातून दुसऱ्या सुरात! आणि घंटेच्या ठोक्यावर!”

“मुलांनी बसवलं,” नेनी म्हणाली. ते खरंच होतं. तिच्या कानाला तर शेवटची ओळ पूर्ण बेसूर लागली होती. त्या खोलीत चुकलेली ती एकटीच होती.

वर्ग राहिला. गेलेरींनी समितीला चेरीची दारू पाजली. एमेशे जाता जाता नेनीपाशी थांबली.

“नेनी, तुम्ही मुद्दाम केलंत ना?”

“तुला काय वाटतं?”

मुलीने तिच्याकडे सरळ पाहिलं. “मी कुणाला सांगणार नाही,” ती म्हणाली आणि पळाली.

देमे बाची अंगणाच्या बाकावर घाम पुसत बसला होता. “आज लागोपाठ दोन घंटा ओढल्या. सुताराची म्हातारी गेली. ऐकलीस ना घंटा?”

“ऐकली.”

“संध्याकाळची वाजवतो आणि पडतो आता.”

संध्याकाळी बोरी नेनी आपल्या अंगणात भाकरीवर चरबी आणि कांदा घेऊन बसली होती. उद्यापासून नादकाटा टेबलावर उघडा ठेवायचा, हे तिने ठरवलं होतं. गेलेरींना भुवया उंचावू देत. समोर मनोरा उन्हाने तांबूस झाला होता. ती घंटेची वाट पाहत होती. किती वर लागते, हे एकदा नीट ऐकायचं होतं.

मनोऱ्यावरची कबुतरं एकदम उडाली. रोज पहिल्या टोलाला उडतात तशी. शेजारणीने दारात येऊन हात जोडले आणि तिचे ओठ हलू लागले.

बोरी नेनीने कान दिला, पण तिच्यापर्यंत टोल पोचला नाही. कबुतरं मनोऱ्याभोवती फिरत राहिली. तिने भाकरी खाली ठेवली आणि उजव्या हाताची चोच केली. मग ती हळूच मिटली.