आमच्या ताब्यातलं कोर्टाचं खोकं

सियागंजातल्या आमच्या गल्लीत कोणीही भेटलं की आधी विचारतं, "संजू, त्या खोक्याचं काय झालं रे?" मग चहा येतो आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सांगता सांगता किस्से साठत गेलेत, पण त्यातला एकही खोटा नाही. आता लोक हसतात, मीही हसतो. घडत होतं तेव्हा मात्र सकाळचे पोहे दुपारपर्यंत तसेच पडून राहायचे.

दुकान मिलिंद भियाचं, भिया म्हणजे आमच्याकडे भाऊ, आणि मी त्यात भागीदार. माल बहुतेक व्हिडिओ गेमचा. कंट्रोलर, त्यांची बटणं, केबल, कव्हरं. शिवाय एक बोटभर डबी. ती कंट्रोलर आणि गेमच्या मशीनच्या मधे लावली की खेळातली बंदूक हलत नाही, आणि एकदा दाबलेलं बटण दहादा दाबल्यासारखं चालतं. पोरं त्या डबीवर फिदा होती. गेमची मशीन बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की ही चीटिंगची वस्तू आहे, आमचं सॉफ्टवेअर फोडून बनवलीय, आणि ती विकणाऱ्यांना आम्ही कोर्टात खेचणार.

*

सुरुवात झाली एका गिऱ्हाइकापासून. माणूस बोलायला इतका गोड, की भियाने त्याला स्टूल दिलं, चहा पाजला आणि डबी लावून स्वतः खेळून दाखवलं. तो मोबाइलवर शूटिंग घेत होता. भियाच त्याला म्हणाला, "इकडून घ्या ना, इकडे उजेड चांगला आहे."

जाताना त्याने पक्कं बिल मागितलं. असं बिल आमच्याकडे तोवर कोणी मागितलं नव्हतं. बिलबुक शोधायला मला माळ्यावर चढावं लागलं.

तो कंपनीने पाठवलेला माणूस होता. पुढे तेच शूटिंग कोर्टात दाखल झालं. आमचे वकील दिघेजी ते पूर्ण पाहून एवढंच म्हणाले, "फार क्लिअर आलंय."

*

मिलिंद भियाचे आजोबा महूला फौजेत, वडीलही फौजेत. आमच्या घरात घाबरणं कोणाला माहीत नाही, असं तो नेहमी सांगायचा. एके सकाळी कोर्टाने नेमलेल्या कमिशनर मॅडम दोन पोलीस घेऊन दुकानात आल्या. कागदावर 'तलाशी' हा शब्द वाचला आणि भिया माझा खांदा धरून हळूच खाली बसला.

मॅडमने सगळ्या डब्या एका खोक्यात भरल्या. खोकं कापडात शिवून गाठींवर लाखेचं सील लावायचं होतं. मॅडमकडे पितळी मोहर होती, बाकी काही नव्हतं. तेव्हा खोकं आमचं, कापड आमचं, सुई-दोरा भियाच्या बायकोचा, सुषमा वहिनीचा. लाख समोरच्या पन्नालालजींच्या दुकानातून मीच पळत जाऊन आणली. ते म्हणाले, "बधाई हो भिया, पार्सल का काम भी चालू कर दिया?"

सील लागलं, पंचनाम्यावर भियाची सही झाली. मॅडम म्हणाल्या, "अब ये आपकी सुपुर्दगी में है." आम्ही मान डोलावली. त्या जीपमध्ये बसल्या, जीप सुरू झाली, आणि खोकं तिथेच. भिया खोकं उचलून जीपमागे धावला.

"मॅडम! आपका सामान रह गया!"

*

सुपुर्दगी म्हणजे काय, ते दिघेजींनी सांगितलं. माल कोर्टाचा, राखण आमची. निकाल लागेपर्यंत सील जसंच्या तसं राहिलं पाहिजे. तुटलं किंवा बदललं तर कोर्टाचा अवमान, आणि त्यात तुरुंगही होऊ शकतो.

"कोणाला?" भियाने विचारलं.

"सही कोणाची आहे?"

भिया त्यानंतर बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसला होता.

दिघेजींचा सगळा जन्म भाडेकरूंच्या केसेसमध्ये गेलेला. डबी म्हणजे काय हे त्यांना कळेना, म्हणून मी कॅरमवर समजावलं. स्ट्रायकर आपणच मारायचा, डबी फक्त बोट हलू देत नाही.

"म्हणजे दुसरं कोणी तरी तुमचं बोट धरून मारतंय?"

"हो, म्हणजे, तसंच."

"मग चीटिंगच आहे की ही!"

दिघेजींनी समोरचं वकीलपत्र पाहिलं, त्यावर भियाची सही पाहिली आणि म्हणाले, "आता सही झालीय म्हणा. तेव्हा चीटिंग नाही."

*

भिया पक्क्या बिलाला फार घाबरायला लागला. एक पिकल्या केसांचे काका मोबाइलचा चार्जर घ्यायला आले आणि सहज म्हणाले, "बिल भी दे देना." भियाचा चेहरा उतरला. त्याने काउंटरवरच हात जोडले. "साहेब, आता इथे काही नाही. जे होतं ते सगळं सील झालं. मला बायको आहे, मुलगी शाळेत आहे."

काका मराठीच निघाले. म्हणाले, "मलाही आहेत हो. चार्जर द्या."

*

मग उन्हाळा आला. दुकानावर पत्रा, आणि आमचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. एका दुपारी भियाने सीलला बोट लावलं आणि ओरडला. लाख मऊ पडायला लागली होती. मॅडमच्या मोहरेचा ठसा पुसला गेला, तर सील बदललं असंच कोर्ट म्हणणार.

त्या दिवसापासून कूलर खोक्याकडे वळला. खोकं गार हवेत आणि आम्ही दोघं दारात घामाने निथळत बसलेले. गिऱ्हाईक आलं तर विचारायचं, "भिया, अंदर कोई सोया है क्या?" लाईट गेली की भिया पुठ्ठ्याने वारा घालायचा. खोक्याला, स्वतःला नाही. मी एकदा चेष्टा केली तेव्हा तो म्हणाला, "हस, हस. सही तुझी नाही ना." मला फार वाईट वाटलं. मीही पुठ्ठा घेऊन दुसऱ्या बाजूला बसलो.

*

आमच्या पोह्यांची शेव खोक्यामागे सांडायची, त्यावर उंदीर आला. उंदीर कापड कुरतडणार या धास्तीने वहिनीने परदेशीपुऱ्यातल्या घरून आपली मनी मांजर आणून सोडली. उंदीर दोन दिवसांत गेला. मनी मात्र राहिली, कारण अख्ख्या सियागंजात तिला आवडेल अशी एकच गार जागा होती.

आता आम्ही उंदराऐवजी मांजरीवर पहारा द्यायला लागलो. तिने नखं काढली की भिया तिच्याशी अगदी आदराने बोलायचा, "नको मनीताई, प्लीज."

कोर्टाची तारीख जवळ आली आणि एका दुपारी घात झाला. लाईट गेली होती, भिया जेवायला घरी, आणि मी दारात पन्नालालजींशी बोलत उभा. मागून धप्प आवाज आला. आत जाऊन पाहतो तर मनी खोक्यावर, पुढचा पंजा मधल्या सीलवर. मी हाकललं, पंजा निघाला, ठसा राहिला. चार गोल खळगे, खाली एक मोठा. मॅडमच्या मोहरेतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. लाईट आली, कूलर सुरू झाला आणि लाख दगडासारखी घट्ट झाली.

मी भियाला फोन केला. तो आला, पाहिलं आणि भिंतीला टेकला. भिया आत गेला तर वहिनीला काय तोंड दाखवणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पन्नालालजींनी मान आत घातली. "घबराते क्यों हो? लाख बची है ना? मोहर तो पीछे की गली में घंटे भर में बन जाएगी."

खरं सांगतो, मी तयार झालो होतो. भियाच नाही म्हणाला. "संजू, चीटिंगचा आरोप खोटा आहे म्हणून मी वकिलाकडे हिंडतोय. हे केलं तर तो खरा होईल यार."

*

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात दिघेजींनी पुन्हा पुन्हा बजावलं, "विचारलं तरच बोलायचं. खरं बोलायचं आणि थोडकं." खोकं मी आणि भियाने दोन्हीकडून धरलं होतं. आत जाताना मीच त्याला म्हटलं, "तू नुसता हात लाव, वजन मी घेतो."

वहिनीही आली होती. हातात चेनची मोठी पिशवी, चेन थोडी उघडी. मला वाटलं डबा असेल, भियाला तिथूनच आत नेलं तर त्याच्यासाठी. माझे डोळे भरून आले. ती पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसली.

कंपनीचे वकील खोक्यावर वाकले आणि ताठ होऊन म्हणाले, "सर, सील के साथ छेड़छाड़ हुई है."

जज साहेबांनी खोकं जवळ मागवलं. चष्मा पुसून पुन्हा लावला. त्या चार खळग्यांवरून बोट फिरवलं आणि कमिशनर मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "नहीं सर, ये वाली मेरी नहीं है."

"तो ये मोहर किसकी है?"

दिघेजी उठायला लागले, पण त्याआधीच भिया बोलला. थोडकं आणि खरं.

"हुजूर, हमारी मनी की है. बिल्ली है. बाहर बैठी है, थैली में."

जज साहेबांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले,

"पेश करो."