तिसरी खोली

हे मी आमच्या हिलासुद्धा कधी सांगितलं नाही, आणि ती तर माझ्या बनियनची भोकंही मोजून असायची. ती गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलाला सांगायचा प्रश्नच आला नाही. तो रविवारी परदेशातून फोन करतो, तब्येत विचारतो, मी ‘उत्तम’ म्हणतो आणि दोघंही सुटतो. तेव्हा ऐकणारे तुम्हीच पहिले. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे — की म्हणूनच सांगतोय? असेल तसंही.

मी सदाशिव पेठेत राहतो. तीन खोल्या, पुढे गॅलरी, खाली लिफ्ट. माणूस एक. लोक म्हणतात, नशीबवान आहात, भर पेठेत एवढी जागा! मी मान डोलावतो. त्यातल्या तिसऱ्या खोलीबद्दल मला बोलायचं आहे, पण तिथवर यायला जरा वेळ लागेल. मला लगेच मुद्द्यावर येता येत नाही. सरकारी पत्रं लिहिण्यात आयुष्य गेलं, त्याचाही हा परिणाम असू शकतो.

एका कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क होतो. हजारो पोरांना दाखले लिहून दिले — ‘सदर विद्यार्थी या महाविद्यालयात शिकत असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ वर्तणूक कुणी पाहिली होती? पण अक्षर वळणदार आणि मसुदा चोख. त्यामुळे आमच्या जुन्या दुमजली इमारतीत कुणाला महापालिकेला, वीजमंडळाला किंवा घरमालकाला काही लिहायचं झालं, की मंडळी माझ्याकडे यायची. मला त्याचा गर्व होता. नव्हता म्हणणार नाही.

इमारतीत आम्ही पाच भाडेकरू. भिंतीला भिंत लागून सुमनताई राहायच्या. मूळच्या अमरावतीकडच्या. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्यात आल्या, तो लवकर गेला, आणि त्यांनी त्या दोन खोल्यांतच खानावळ सुरू केली. त्यांच्या मुलखातून शिकायला आलेली पोरं दोन्ही वेळा तिथे जेवायची. फोडणी अशी, की आमची ही भिंतीच्या अलीकडे ठसकायची. तीस वर्षं झाली तरी पेठेच्या लेखी त्या ‘खानावळवाल्या बाई’च राहिल्या. आम्ही मात्र त्यांना घरचं मानायचो — निदान मी तसं समजत होतो.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा आमचा रस्ता बदलायला लागला. टायपिंग क्लासवाल्यानं मशिनं भंगारात घातली आणि कॉम्प्युटर क्लास काढला. सायकली भाड्यानं देणाऱ्याच्या दुकानात काचेचं दार आणि एसी आला. कोपऱ्यावर चायनीजची गाडी लागायला लागली, आणि सुमनताईंकडची ताटं निम्म्यावर आली. मग आमच्या मालकानं इमारत बिल्डरला द्यायची ठरवली. प्रत्येक भाडेकरूला नव्या इमारतीत मालकी हक्काची जागा मिळणार होती. प्रत्येकाला — म्हणजे पाचही जणांना.

त्याच सुमारास सुमनताईंच्या भावाला अर्धांगाचा झटका आला. त्याला बघणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी खानावळ बंद केली, बॅग भरली आणि निघताना किल्ली माझ्या हातात ठेवली. “चाबी तुमच्यापाशी ठेवा, भाऊ. देवापाशी दिवा तेवढा लावजा. दिवाळी झाली की येतेच मी.”

आमच्याकडे किल्ली शेजारीच ठेवतात. त्यात विशेष काही नाही. मी रोज संध्याकाळी ते कुलूप काढायचो, खिडकी उघडायचो, त्यांच्या देवांपुढे दिवा लावायचो. आणि मग — हेही कुणाला माहीत नाही — त्यांच्या त्या लाकडी पाटावर भिंतीला टेकून अर्धा तास पेपर वाचत बसायचो. घरात मुलाचा अभ्यास, कुकरच्या शिट्ट्या, हिची गुडघ्यांची कुरकुर. त्या रिकाम्या खोलीत मला बरं वाटायचं. भरल्या घरात राहून मी असा एकटा होतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं. त्या अर्ध्या तासाची मी दुपारपासून वाट पाहायचो.

सुमनताईंची कार्डं यायची. भाऊ अजून उठत नाही. दिवाळीला जमत नाही, संक्रांतीनंतर येते. जागेकडे लक्ष असू द्या.

मग बिल्डरकडचा माणूस आला. गोड बोलणारा, हिच्या हातच्या चहाचं कौतुक करून बसला. त्यानं समजावून सांगितलं, की भाड्याची जागा सबळ कारण नसताना सहा महिने बंद ठेवली तर भाडेकरूचा हक्क जाऊ शकतो; त्यासाठी मालकाला शेजाऱ्यांच्या सह्यांचं एक पत्र हवं होतं. “साहेब, खोटं काहीच लिहायचं नाही. कुलूप आहे ना? मग कुलूप आहे, एवढंच.” मग त्यानं नकाशा पसरला आणि आमच्या दोन खोल्यांच्या शेजारी बोट ठेवलं. एक भाडेकरू कमी झाला, तर इथे तुम्हाला आणखी एक खोली काढता येईल. मुलगा इंजिनीअरिंगला आहे ना तुमचा?

मी त्याला दोन दिवस थांबवलं. त्या दोन दिवसांत मी काय विचार केला, असं तुम्ही विचाराल. काही नाही. मी मसुदा जुळवत होतो.

‘सदर खोल्या गेले आठ महिने कुलूपबंद असून भाडेकरू महिला कोठे गेल्या व परत येणार किंवा कसे, याबाबत आम्हा शेजाऱ्यांस कल्पना नाही.’ माझं वाक्य. त्या वेळी त्यांची चार कार्डं माझ्या टेबलाच्या खणात होती. बाकीच्या तिघांनी न वाचता सह्या केल्या. मी लिहिलं म्हणजे ते बरोबरच असणार. त्या संध्याकाळी मी नेहमीसारखं कुलूप काढलं आणि दिवा लावला. पेपरही वाचला.

इथेच थांबलं असतं, तर मी तुम्हाला घाबरट माणसाची गोष्ट सांगितली असती.

मालकाची नोटीस मिळताच सुमनताई धावत आल्या. आजारी भावाला कुणाच्या तरी भरवशावर टाकून आल्या होत्या. घरातही न जाता थेट आमच्याकडे आल्या आणि नोटीस माझ्यापुढे धरली. “शेजाऱ्यांचं म्हणणं आहे म्हणते याच्यात. कोन शेजारी, भाऊ?”

“मालकानं मनचंच घातलं असणार,” मी म्हणालो.

त्यांना ते पटलं. माझ्यावर अविश्वास ठेवायचं त्यांना कारणच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, उत्तर तुम्हीच लिहून द्या. “चाबी तुमच्यापाशी होती, रोज दिवा लागे, मी कार्डं टाकत होती — हे सारं टाका त्याच्यात.” तेवढ्या तीन गोष्टींवर त्यांची जागा वाचली असती. मला ते माहीत होतं. माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “असल्या घरगुती गोष्टी कायद्यात चालत नाहीत, ताई.” आणि दोन पानं लिहून दिली. सुरेख अक्षरात. आत काहीही नव्हतं. त्यांनी खाली सही केली आणि मला नमस्कार केला.

प्रकरण कोर्टात गेलंच नाही. भाऊ तिकडे पडून, इकडे वकील बघणार कोण? मालकानं हातावर ठेवलं तेवढं घेऊन त्यांनी खोल्या सोडल्या.

नवी इमारत झाली. मुलगा तिसऱ्या खोलीत शिकला, हिंजवडीला नोकरीला लागला आणि दोन वर्षांनी परदेशी गेला. ही त्या खोलीच्या खिडकीत भाजी निवडत बसायची. “सुमनताईंनी थोडा धीर धरायला हवा होता, त्यांनाही मिळाली असती,” असं ती कितीदा म्हणाली असेल. मी पेपरचं पान उलटायचो. माझ्याबद्दल चांगलं मत बाळगूनच ती गेली. हे मला एकट्याला माहीत आहे, आणि माझ्याशी बोलणारं घरात आता कुणी नाही.

ही असतानाच एकदा बिबवेवाडीत, मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो असताना, एका खानावळीच्या दारात सुमनताई दिसल्या. दुसऱ्याच्या खानावळीत पोळ्या लाटायला होत्या. भाऊ वारला होता. मला पाहून इतका आनंद झाला त्यांना! हात धरून आत बसवलं, जेवणाऱ्या पोरांना सांगितलं, “हे आमचे भाऊ. माझ्यासाठी लय झटले.” आणि माझ्यापुढे ताट मांडलं. हिची चौकशी केली, मुलाची केली. सगळी पोरं उठून गेली. आम्ही दोघंच उरलो. त्या समोर बसून मला वाढत होत्या. सांगायला कुणाची अडचण नव्हती, वेळ भरपूर होता, आणि शब्द तर माझ्याकडे आयुष्यभर तयारच असायचे.

“अजून काय वाढू, भाऊ?” त्यांनी विचारलं.

“थोडा भात,” मी म्हणालो.